गुरुवारच्या तारल्या

दुसऱ्याच्या कुटुंबात जाऊन जेवायला बसण्याचा पराक्रम मी मस्कतला पोचल्या आठवड्यातच केला. हमरियातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी केरळी लोकांचं एक मासळीचं हॉटेल होतं. पुढं मोठा हॉल, तिथं ड्रायव्हर, मिस्त्री, गोदामातले कामगार. आणि मागं 'फॅमिली' म्हणून पडदे लावलेल्या केबिनी. दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, सांगून ठेवलं होतं, "सुटलास की सरळ तिकडं ये, आम्ही केबिनीत असू." गाल्याच्या कारखान्यातून कंपनीची पिकअप रखडत आली, पोटात कावळे ओरडत होते. मी पहिला पडदा बाजूला सारला, मान खाली घालूनच आत शिरलो, मोकळ्या खुर्चीवर बसलो आणि समोरची रोटी तोडून तोंडात घातली. मग वर बघितलं. समोर पांढऱ्या पायघोळ डिशडाशातला एक ओमानी गृहस्थ, शेजारी ओढणी सारखी करत असलेली त्याची बायको आणि घास हातात धरून थांबलेली पोरं. कुणी ओरडलं नाही. त्या भल्या माणसानं माशाची ताटली माझ्याकडं सरकवली आणि हातानं खूण केली, खा. नको म्हणायला मला अरबी येत नव्हतं, म्हणून मी खाल्लं. तेवढ्यात शेजारच्या केबिनीतून दाजींचा आवाज आला, "हे गाढव अजून कसं आलं नाही?" आणि मी तिथूनच उत्तर दिलं, "आलोय की!"

पडदा चुकला याबद्दल दाजी हसले असते. पण तो वार होता गुरुवार आणि मी मासा खाल्ला होता. दाजी सांगलीकडचे, दत्ताचे भक्त. गुरुवारी त्यांच्या घरात अंडंसुद्धा फुटत नसे. त्या संध्याकाळी त्यांनी मला केबिनीच्या दाराशी उभं करून, वेटरसमोर, चूळ भरायला लावली. चूळ भरून काय होणार होतं ते दत्तालाच माहीत, मासा केव्हाच खाली उतरला होता. पुढं दोन वर्षं ज्या ज्या घरी आम्ही जेवायला गेलो त्या त्या घरी दाजींनी ही गोष्ट सांगितली, आणि दर वेळी मी अधिक मोठा गाढव होत गेलो. मीही हसायचो. आपल्यावर आधी आपणच हसलं की दुसऱ्याचं हसणं कमी लागतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मी कराडचा. तिथं मासा म्हणजे कृष्णेचा, तोही कुणी ओळखीच्यानं आणून दिला तर. नोकरी नव्हती, तेव्हा दाजींनी अर्बाबकडं, म्हणजे आमच्या ओमानी मालकाकडं, शब्द टाकला आणि मी त्यांच्याच ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कंपनीत हिशेबनीस झालो. दाजी तिथं फोरमन. राहायला त्यांच्याच घरी. त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात: भिंतीतल्या एसीची घरघर, खाली गॅसवाल्याची ठणठण, मशिदीची बांग झाली रे झाली की दाजींची घंटा, आणि या सगळ्यावर दाजींचं "यल्ला, यल्ला, आवरा!" आंघोळीचा नंबर ते ठरवत, चहात साखर किती ते ठरवत, टीव्ही कधी बंद व्हायचा ते ठरवत. ताई काही बोलायची नाही. बोलायची नाही म्हणजे त्यांना नाही. आम्हाला ती पुष्कळ बोलायची.

बाहेर जेवणं गुरुवारीच. ओमानात तेव्हा सुट्टी शुक्रवारची. शुक्रवारी संध्याकाळी दाजी दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीसाठी लवकर आडवे होत, म्हणून हॉटेलची संध्याकाळ आदली. आता तिथं सुट्टीचे वार बदललेत म्हणे. आमच्या वेळी बदलले असते तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती. तर दर गुरुवारी आम्ही त्या मासळीच्या हॉटेलात जायचो आणि डाळ खायचो. दुसरीकडं का नाही, तर या हॉटेलातल्या केबिनी आमच्या कंपनीनं बांधल्या होत्या आणि दाजींनी स्वतः उभं राहून बसवल्या होत्या. आत शिरताना ते पार्टिशनवर बोटानं टकटक करायचे आणि आमच्याकडं बघायचे. आम्ही माना डोलवायच्या. मग मेनूकार्ड. ते एकच यायचं आणि दाजींच्याच हातात राहायचं, खरं तर त्याचीही गरज नव्हती. "दो दाल फ्राय, एक पनीर, एक मिक्स व्हेज. और जिस चमचे से मच्छी हिलाया वो इसमें नहीं डालने का." मोइदू नावाचा वेटर म्हणायचा, "नहीं साब, अलग चमचा." चमचा अलग नसायचा. त्या डाळीला सुरमईच्या रश्श्याचा वास यायचा, आणि दाजी ती बोटं चाटून खायचे.

या घरात मी शैलाला लग्न करून आणलं. ती रेवदंड्याची. माझे मामा अलिबागला एसटीत होते, त्यांनी जमवलं. तिच्या माहेरी मासळी ही भाजी-आमटीसारखी गोष्ट. कुठला मासा कोणत्या महिन्यात गोड लागतो यावर तिची आई भांडायची. आणि आली कुठं, तर सांगलीच्या माणसाच्या घरात, जिथं मासा म्हणजे फक्त सुरमई, तीही काटा काढलेली, दाजींनी स्वतः आणलेली, खिडक्या बंद करून तळलेली. बांगडा नको, वास सुटतो. मांदेली नको, काटे. सुकट तर नावसुद्धा नको, बिल्डिंगमध्ये आपली इज्जत आहे. पहिल्या गुरुवारी दाजींनी तिला माझी पडद्याची गोष्ट सांगितली, चूळ भरण्यासकट. मी सवयीनं हसलो. ताई हसली, मुलं हसली. शैलानं दाजींकडं बघितलं आणि विचारलं, "त्या ओमानी लोकांनी नीट जेवायला दिलं ना ह्यांना?" दाजी म्हणाले, "म्हणजे?" ती म्हणाली, "काही नाही. भले लोक दिसतात." वैर त्या दिवशी सुरू झालं. मला ते कळलं नाही. मी पापड खात होतो.

मग ईदची सुट्टी आली, नेमकी गुरुवार सोडून, आणि कंपनीनं सगळ्या स्टाफला कुटुंबासकट मत्रहला समुद्रकाठच्या हॉटेलात जेवण दिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा मासळी कशी असते ते त्या दिवशी बघितलं. निखाऱ्यावर भाजलेला आख्खा हामूर, काळी पडलेली साल, आत पांढरंशुभ्र मांस, वर सुक्या लिंबाची आंबट भुकटी. खेकडे. माकुल्यांची वळी, जी मी कांदा समजून घेतली आणि बराच वेळ चघळत बसलो. शैलानं माझ्या ताटलीत मासा घेऊन दाखवला, इथून दाब, काटा असा आख्खा सुटतो, हा गालाचा तुकडा सोडू नको. मग हामूराचं डोकं आपल्याकडं ओढलं आणि निवांत, एकेक हाड सुटं करत, चोखून खाल्लं. तिला असं आनंदानं खाताना मी त्याआधी बघितलंच नव्हतं. दाजी टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाले, "वहिनी, हॉटेलात डोकी चोखत नाहीत. लोक बघतात." ती म्हणाली, "बघू देत ना, शिकतील." अर्बाबचा मॅनेजर मोठ्यानं हसला. दाजींच्या हाताखालची माणसं हसली. दाजींनी त्यानंतर तिला वहिनी म्हणणं बंद केलं. घरात तिच्याशी बोलायचं असलं की ते माझ्याशी बोलायचे, ती समोर उभी असताना. "सुधीरराव, कांदा बारीक चिरायचा असतो हे सांगा." ती म्हणायची, "अहो, सुरी आणून द्या म्हणावं, ही बोथट आहे." मी मध्ये. मी दोन्हीकडं हसून बघायचो. तेवढं एक मला चांगलं जमायचं.

त्याच हिवाळ्यात तिला दिवस राहिले आणि डोहाळे लागले तारल्यांचे. आंबा नाही, चिंच नाही, माती नाही, तारल्या. त्या बोटभर, तेलकट, काट्यांनी भरलेल्या माशांच्या आठवणीनं ती रात्री उठून बसायची. "लाल तिखट लावून, तव्यावर, कुरकुरीत," असं डोळे मिटून म्हणायची, जसं कुणी स्तोत्र म्हणतं. ओमानच्या किनाऱ्यावर तारल्यांचे ढीग पडलेले असतात, मिळायला काही अडचण नव्हती. मी एका संध्याकाळी धीर करून विषय काढला. दाजी वर्तमानपत्र खाली न घेता म्हणाले, "तारल्या? त्या इथं वाळवून उंटाला घालतात." ताई म्हणाली, "मला दोन झाली, मला नाही बाई असले डोहाळे लागले." आणि त्या दोघांची धाकटी, इंग्रजी शाळेतली, टाळ्या पिटत म्हणाली, "मामी, कॅमल्स ईट दॅट! मामी इज अ कॅमल!" कुणी तिला गप्प केलं नाही. मीही नाही, मी म्हटलं, "उंट बिचारा गरीब प्राणी," आणि विनोद झाला असं समजून इकडंतिकडं बघितलं. शैला आत निघून गेली.

आत गेल्यावर मी म्हटलं, "मंगळवारी तुला बाहेर नेतो, आपण दोघंच. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. नेणार की नाही ते सांगा."

नेणार म्हटलं. मंगळवारी दाजींनी मला गोदामाची मोजदाद करायला बसवलं. पुढच्या मंगळवारीही. योगायोग असेल. पण त्या दुसऱ्या मंगळवारी घरी आलो तेव्हा ती साडी बदलून, वेणी घालून, पलंगावर बसलेली होती, आणि बाहेर दाजी सुरमईचा काटा काढलेला तुकडा खात मला म्हणाले, "या, जेवून घ्या. तुमचा प्रोग्राम कॅन्सल झाला वाटतं?"

मग तो गुरुवार. हॉटेल खच्चून भरलेलं, केबिनी सगळ्या भरलेल्या, आमची मात्र राखून ठेवलेली. टकटक झाली, माना डोलवून झाल्या. हॉलमधून वास येत होता, आणि तो सुरमईचा नव्हता. मोइदू पाणी ठेवायला आला तेव्हा शैलानं विचारलं, "बाहर क्या बना है?" तो म्हणाला, "मत्ती फ्राय, मॅडम. ड्रायव्हर लोग के लिए. फॅमिली में नहीं देता." मत्ती म्हणजे तारल्याच, केरळी लोकांच्या. शैलाचा चेहरा मी बघितला. दाजींनीही बघितला असावा, कारण त्यांनी ऑर्डर नेहमीपेक्षा मोठ्यानं दिली. डाळ आली. आणि डाळ वाढून घेता घेता, जणू पापड मागावा तसं, दाजी मला म्हणाले, "सुधीरराव, सातव्या महिन्यात हिला रेवदंड्याला पोचवून या. पहिलं बाळंतपण माहेरी, बरोबर आहे ते. आणि मग दोन-तीन वर्षं तिथंच राहू दे. इथं पोराला जागा कुठंय? मी अर्बाबशी बोललोय, व्हिसावरचं तुमचं फॅमिली स्टेटस काढून बॅचलर करायचं. खलास."

मला वाटतं मी "बरं, बघू" असं काहीतरी म्हणालो. माझं 'बरं, बघू' त्या काळात आपोआप निघायचं.

शैलानं तिच्या ताटलीतली डाळ ताईच्या ताटलीत ओतली. उठली. ताई म्हणाली, "हे काय?" शैला म्हणाली, "तुमचं तुम्ही खा," आणि पडदा सारून बाहेर गेली. दाजी हसले. "जाईल कुठं? केबिनी भरल्यात."

ती केबिनीत गेलीच नव्हती. ती हॉलमध्ये गेली होती. त्या हॉलमध्ये बाई बसलेली तोवर कुणी बघितली नव्हती. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं: पोट थोडं पुढं आलेली, हिरव्या काठाची साडी, ती एका मोकळ्या टेबलाशी जाऊन बसली आणि तो सगळा गलका हळूहळू विरत गेला. हॉटेलचा मॅनेजर पळत आला. "मॅडम, फॅमिली अंदर है, अंदर."

"मालूम है. फॅमिली अंदर है, इसीलिए तो बाहर आयी. एक प्लेट मत्ती फ्राय. चावल भी."

मॅनेजरनं आमच्या केबिनीकडं बघितलं. दाजींनी पडद्याआडून मान हलवली, नाही. मॅनेजर तिथंच घुटमळला. तेव्हा शेजारच्या टेबलावरचा एक दाढीवाला रत्नागिरीकडचा ड्रायव्हर उठला, तिला म्हणाला, "वैनी, बसा आरामात, आमी आमची तोंडां फिरवताव," आणि त्यानं आपली खुर्ची उलटी केली. त्याचं बघून पलीकडच्या पठाणानं केली, मग आणखी कुणी. तिच्या टेबलाभोवती नुसत्या पाठी. एक जण न वळता ओरडला, "अरे मत्ती लाव जल्दी, भाभी बैठी है!" मॅनेजर आत पळाला.

केबिनीत दाजींचा चेहरा तांबडा झाला होता. "बोलाव तिला आत."

मी डाळ खात होतो. सांगायला लाज वाटते असं नाही, गंमत वाटते. आभाळ कोसळत होतं आणि मी ताटलीतली डाळ पुसून खात होतो, टाकू नये म्हणून.

"तुला सांगतोय मी. ती बाई ड्रायव्हरांत बसून उंटाचं खाणं खातेय, गुरुवारी, मी केबिनी बसवलेल्या हॉटेलात. आत्ता आत आली नाही तर दोघांनी घरी यायचं नाही. आणि उद्या मी अर्बाबला एक शब्द टाकला की तू परवा कराडात."

"दाजी," मी म्हणालो, "जरा हात धुवून येतो."

माझं बंड ते एवढंच. बेसिन हॉलमध्ये होतं. मी हात धुतले, साबण लावून, दोनदा, आणि मग परत पडद्याकडं वळण्याऐवजी शैलाच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसलो. तिनं मान वर केली नाही. तिच्यापुढं तारल्या आल्या होत्या, लालभडक, कढीपत्त्याची पानं चिकटलेल्या. ती आख्खी तारली उचलायची, दोन बोटांनी काटा ओढून बाजूला ठेवायची आणि भातात कालवायची. मीही एक उचलली. काटा निघाला नाही. मी काट्यासकट चावली, घशात टोचली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मागून दाजींचा आवाज आला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा, "सुध्या, चूळ भर!"

मी दुसरी उचलली.

ते आमच्या टेबलाजवळूनच बाहेर गेले. दाजी पुढं, मुलं मध्ये, ताई मागं. ताई थांबली. मला वाटलं काही बोलेल. ती शैलाला म्हणाली, "तुझे कपडे मी गॅलरीत काढून ठेवते," आणि गेली.

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. त्यांनी अर्बाबला तो शब्द टाकलाच. अर्बाबनं मला बोलावून विचारलं, तुम्हा लोकांत मासा हराम आहे का? मी म्हटलं, फक्त गुरुवारी. तो "यल्ला, कामाला लाग," असं म्हणाला. माझी नोकरी टिकली, फॅमिली स्टेटसही टिकलं, शैला बाळंतपणाला गेली ती बाळंत झाल्यावर सव्वा महिन्यानं मुलीला घेऊन परत आली. दाजी माझ्याशी ऑफिसात चहावाल्यामार्फत बोलत राहिले. आता पन्नाशी उलटली माझी, ते सत्तरीला आले. नातेवाइकांच्या लग्नात भेटतो, माझी पंगत बघून ते पुढच्या पंगतीला बसतात. कुणी मध्यस्थी केली की म्हणतात, "मी त्याला माणसात आणला आणि त्यानं मला ड्रायव्हरांसमोर उघडं पाडलं." मीही काही त्यांना फोन करत नाही.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोट भरलेलं, घर नसलेलं, असे आम्ही गल्लीत उभे होतो. रत्नागिरीचा तो ड्रायव्हर त्याच्या भावाच्या खोलीची किल्ली आणायला गेला होता, रात्रीपुरती. आणि मला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, शौर्य चढलं होतं. मी म्हटलं, "आपण अमेरातला घर बघू. डोंगरापलीकडं. नवी घरं होतायत, मोकळी हवा. हमरियाचं नाव नको, त्या माणसाचं तोंड पुन्हा दिसायला नको."

शैला बोटांचा वास घेत होती. तिनं वर आमच्या बिल्डिंगकडं बघितलं. दाजींच्या गॅलरीत दिवा लागला होता आणि ताई दोरीवरून शैलाच्या साड्या ओढून काढत होती.

"लांब कशाला जायचं?" ती म्हणाली. "ह्याच गल्लीत बघा. फक्त घ्यायच्या आधी वारा कुठून कुठं वाहतो ते बघून घ्या. गुरुवारी तारल्या तळल्या की वास थेट त्यांच्या गॅलरीत गेला पाहिजे."